चाचणी खोटी की मी खोटा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कंपनीत माणसांची निवड करणारे एक गृहस्थ. प्रशिक्षणात त्यांना संगणकावर एक चाचणी द्यावी लागली आणि निकाल आला, 'गोऱ्या वर्णाकडे मध्यम कल'. ते लिहितात, 'मी स्वतः सावळा, मुलगी माझ्यावर गेलेली. तिच्या रंगावरून कुणी बोललं तर मी भांडतो. मुलाखतीत रंग, जात, धर्म कधी बघितला नाही. मग चाचणी खोटी की मी खोटा? आणि उघड पूर्वग्रह, सुप्त पूर्वग्रह ही नेमकी काय भानगड आहे?'

हा प्रश्न मला दर प्रशिक्षणात येतो, पण सभागृहात नाही. चहाच्या सुट्टीत, कप हातात धरून, हळू आवाजात येतो. गेली वीस-बावीस वर्षं मी निवड समित्यांबरोबर काम करतेय, त्याआधी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. तेव्हा आधी धीराचं सांगते: चाचणी खोटी नाही आणि तुम्हीही नाही. तुम्हा दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे होते. मात्र तो निकाल हातात देऊन 'हे बघा तुमचं खरं रूप' असं ज्यानं सुचवलं, त्याचं चुकलं.

'त्यानं माझ्याविषयी ग्रह करून घेतलाय' असं आपण म्हणतो. माणूस भेटण्याआधीच करून घेतलेला ग्रह तो पूर्वग्रह. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली या विषयाची घडी बसवली, तेव्हा त्याच्याही म्हणण्याचा गाभा हाच होता: पुरेसा आधार नसताना, कुणी अमुक गटातला आहे एवढ्यावरून त्याच्याविषयी बाळगलेली नावड. 'अमुक लोक असेच असतात' ही समजूत म्हणजे साचा, मनातली नावड म्हणजे पूर्वग्रह आणि हातून जे घडतं तो भेदभाव. तिन्ही एका घरात नांदतीलच असं नाही. तुमच्या प्रश्नाची अर्धी गुंतागुंत तिथेच आहे.

उघड पूर्वग्रह म्हणजे विचारल्यावर माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतो तो. तो मोजायचा सरळ मार्ग म्हणजे विचारणं. एमरी बोगार्डस या समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये त्यासाठी सामाजिक अंतराची मोजपट्टी केली: अमुक गटातला माणूस तुमच्या देशात चालेल का, शेजारी चालेल का, नात्यात चालेल का? आपल्याकडे ही मोजपट्टी वेगळी बनवायची गरजच नाही, स्थळांच्या जाहिरातींत ती छापून येते. 'जातीची अट नाही' आणि लगेच पुढे 'एससी, एसटी क्षमस्व'.

पण विचारून मिळालेल्या उत्तराचं काय करायचं हा जुना घोळ आहे. रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३०च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर मोटारीनं अमेरिकाभर फिरला. चिनी लोकांविरुद्ध तिथे तेव्हा उघड राग होता. ही मंडळी २५१ हॉटेलांत आणि खाणावळींत गेली, नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. काही महिन्यांनी त्यानं त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ उत्तरं आली आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' लिहिलं. हा लेख १९३४ मध्ये आला. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग निकाल न सांगता द्यायचे, आणि वर्गातले बहुतेक जण उलटा अंदाज बांधायचे: पत्रात गोड बोलले असतील, दारात हाकललं असेल. झालं नेमकं उलट. कागदावर फक्त 'चिनी' हा शब्द होता. दारात मात्र नीटनेटके कपडे घातलेलं, इंग्रजी बोलणारं जोडपं होतं, आणि सोबत एक गोरा माणूस.

म्हणजे 'बोलणं खोटं, वागणं खरं' इतकं ते सोपं नाही. त्या क्षणी माणसाच्या समोर काय ठेवलंय, त्यावर सगळं फिरतं.

भारतातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात चाळीस हजारांहून अधिक घरांना थेट विचारलं होतं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? जे 'नाही' म्हणाले त्यांना पुढचा प्रश्न: अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्यानं तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरं मिळून देशातल्या साधारण २७ टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता मान्य केली. संविधानाच्या १७व्या कलमानं ती बंद करून साठ वर्षं उलटल्यावरची ही गोष्ट. मला त्या दुसऱ्या प्रश्नाची रचना आवडते. 'अस्पृश्यता' म्हटलं की माणूस दचकतो, पण भांड्यांविषयी बोलताना त्याला आपण काही वावगं बोलतोय असं वाटतच नाही.

आता तुमची चाचणी. ती सुप्त पूर्वग्रहाची, म्हणजे न विचारता, आपोआप उमटणाऱ्या कलाची. इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, लोक तिला आयएटी म्हणतात. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली. त्याच वर्षी तिची इंटरनेटवरची आवृत्ती आली, तेव्हा ब्रायन नोसेक आणि महझरीन बानाजी त्यांच्या जोडीला होते. बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या पारशी, त्यामुळे आमच्या क्षेत्रातल्या भारतीयांना त्यांचं जरा जास्तच कौतुक.

ती काय मोजते ते मंडईतून समजावते. समोर मेथी, पालक, टोमॅटो आणि गाजर यांचा ढीग आहे. मी सांगितलं, हिरवं डावीकडे टाका, लाल उजवीकडे. हात सरसर चालेल. आता सांगितलं, मेथी आणि टोमॅटो डावीकडे, पालक आणि गाजर उजवीकडे. जमेल, पण हात अडखळेल, चुका होतील. का? तुमच्या डोक्यात हिरव्याची हिरव्याशी जोडी आधीपासून लागलेली आहे. चाचणीत भाज्यांच्या जागी गोरे-सावळे चेहरे आणि चांगले-वाईट अर्थाचे शब्द असतात. 'गोरा' आणि 'चांगलं' एका बटणावर असताना बोटं किती वेगानं चालली, आणि 'सावळा' आणि 'चांगलं' एका बटणावर आल्यावर किती मंदावली, हा काही मिलिसेकंदांचा फरक म्हणजे तुमचा 'कल'. तुम्हाला काय आवडतं, काय पटतं, हे तिनं विचारलेलंच नाही. डोक्यात कशाची जोडी कशाशी घट्ट बसलीय, एवढंच तिनं बघितलं.

ही जोडी बसवली कुणी? तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ती बसतेय. नवजात बाळ बघायला आलेली मावशी आधी कानाची पाळी बघते, रंग पुढे कसा निघेल त्याचा अंदाज घ्यायला. 'सावळी आहे पण नाकीडोळी छान' या वाक्यातला 'पण' मराठी घरात कुणाला खटकत नाही. गोरेपणाचं ते प्रसिद्ध क्रीम १९७५ पासून याच देशात विकलं गेलं, त्याच्या नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडलं. सावळ्या माणसानंही हेच ऐकलं, हेच पाहिलं. ज्या गटाविषयी पूर्वग्रह असतो, त्या गटातल्या अनेकांच्या निकालातही हाच कल दिसतो. पॅट्रिशिया डिव्हाईननं १९८९ मध्येच दाखवलं होतं की साचा सगळ्यांनाच पाठ असतो, ज्यांना तो मान्य नाही त्यांनाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर, साचा मनात आल्यावर त्याला थांबवण्यात. तुम्ही मुलीसाठी भांडता ती ही पुढची पायरी. ती खरी आहे, चाचणी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि एकट्या माणसाबद्दल बोलायला ही चाचणी कच्चीच आहे. आज दिली आणि महिन्यानं पुन्हा दिली तर दोन निकालांतला संबंध ०.५च्या आसपास निघतो (१ म्हणजे तंतोतंत जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही). वजनकाटा इतका हलत असेल तर आपण वाण्याशी भांडू. चाचणीच्या निर्मात्यांनीच २०१५ मध्ये लिहिलं की हा माणूस भेदभाव करणार की नाही, हे ठरवायला तिचा वापर करणं अडचणीचं आहे. हजारो लोकांची सरासरी काढायची असेल तर ती उपयोगी पडते, आणि तिथे काही फार रंजक गोष्टी दिसतात. टेसा चार्ल्सवर्थ आणि बानाजी यांनी २००७ ते २०१६ मधले, बहुतांशी अमेरिकेतले, चाळीस लाखांहून अधिक निकाल तपासले. समलैंगिकांविषयीचा सुप्त कल एक तृतीयांशानं उतरला होता, त्वचेच्या रंगाबाबतचाही थोडा उतरला होता. वय आणि अपंगत्व मात्र जवळपास जिथल्या तिथे, आणि लठ्ठपणाबाबत तर गाडी उलट्या दिशेला. 'सुप्त आहे म्हणजे कायमचं आहे' ही समजूत त्या आकड्यांनी मोडली.

'सुप्त' या शब्दावर माझा एक राग आहे, तो इथेच काढते. प्रशिक्षणवाले सांगतात की हे पूर्वग्रह मनाच्या तळघरात असतात, आपल्याला त्यांचा पत्ताच नसतो. ॲडम हान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना चाचणीआधीच विचारलं, तुमचा निकाल काय येईल? लोकांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितलं. म्हणजे आपल्याला आतून माहीत असतं, आपण फक्त तिकडे बघत नाही. आणि आपल्याकडे तर 'नकळत' या नावाखाली पुष्कळ कळून-सवरून केलेलं खपवलं जातं. 'नॉनव्हेज खाता का' असं विचारून मग आडनाव विचारणारा घरमालक सुप्त बिप्त काही नसतो. कार्यशाळेत त्यालाही 'अनकॉन्शस बायस' म्हटलं की सगळे खूश: कुणाचा दोष नाही, मेंदूचाच दोष.

मग बघायचं कुठे? इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. माणसाच्या मनात खोल उतरून पूर्वग्रह शोधत बसू नका, त्याचे निर्णय कुठे सैल आहेत ते शोधा. पूर्वग्रह तिथेच घर करतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा जॉन डोविडिओ आणि सॅम्युअल गार्टनर यांचा. स्वतःला समतावादी मानणाऱ्या गोऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी एका कामासाठी उमेदवारांची पारख करायला दिली. उमेदवार सरळसरळ उत्तम असेल तर काळा-गोरा फरक पडला नाही. सरळसरळ कमकुवत असेल तरीही नाही. पण उमेदवार मधला असेल, काही बाजू चांगल्या, काही लंगड्या, तर गोऱ्याला कौल जास्त मिळाला. १९८९ आणि १९९९ या दोन वेळच्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली, ती २०००मध्ये प्रसिद्ध झाली. दहा वर्षांत उघड पूर्वग्रह उतरला होता, मधल्या उमेदवाराचं दुखणं तसंच राहिलं होतं. या लोकांना कुणी वर्णद्वेष्टे म्हटलं असतं तर ते मनापासून दुखावले असते. कारण प्रत्येकाकडे कारण तयार होतं, आणि ते कारण रंगाचं नव्हतं.

भारतात रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ मध्ये असंच काही पेपर तपासणीत दाखवलं. शिक्षकांना मुलांच्या उत्तरपत्रिका दिल्या आणि त्यांवर जात, वय आणि मुलगा-मुलगी ही माहिती खरी नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून ठरवावी तशी, कुठल्याही पेपरला कुठलीही चिकटवली. कनिष्ठ जातीचं नाव लागलेल्या पेपरला किंचित कमी गुण पडले. फरक मोठा नाही, पण दोन तपशील लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, फरक जास्त पडला तो गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पेपरांत, म्हणजे तपासणाऱ्याचं मोजमाप अजून बसलेलं नसताना. दुसरा, हे प्रामुख्यानं कनिष्ठ जातींतल्याच शिक्षकांकडून झालं. तुमचा सावळा हात गोऱ्याच्या बटणाकडे का गेला, याच्या हे अगदी जवळचं आहे.

नोकरीच्या बाबतीत आपल्याकडचा गाजलेला अभ्यास सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा, २००७ चा. थोरात आपल्या अमरावतीकडचे. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून: उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लीम. एकूण ४,८०८ अर्ज. नुसत्या नावावरून पुढच्या फेरीचं बोलावणं मिळण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या निवड अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच दमात म्हणाले, उमेदवाराला घरची पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारतो: वडील काय करतात, शिकलेले आहेत का, कुठून आलात. गुणवत्ता आणि घराणं यांत विसंगती आहे असं त्यांना वाटलंच नाही.

मी पुण्यात हे रोज बघते. एका समितीत मी निरीक्षक म्हणून बसले होते. सकाळपासून सहा मुलं झाली. एक मुलगा मराठवाड्यातला, तांत्रिक प्रश्नांत शेवटपर्यंत पहिला. समितीतल्या एकानं चहापाण्याचं विचारलं आणि मुलगा म्हणाला, 'नको सर, पानी आहे.' ण नाही, न. मी तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, कुणाचा चेहरा बदलला नाही. पण तपासणीच्या कागदावर 'संवादकौशल्य: सुधारणेस वाव' असं तिघांनी स्वतंत्रपणे लिहिलं. त्याची मुलाखत इंग्रजीत झाली होती आणि ठीक झाली होती. मी विचारलं, नेमकं काय खटकलं? एक जण बराच वेळ विचार करून म्हणाला, 'पॉलिश कमी वाटलं.' खोटं बोलत नव्हता. 'पॉलिश' या रकान्याला व्याख्या नव्हती, म्हणून आनी-पानीवाल्याविषयी शाळेपासून साठलेलं सगळं त्यात मावलं.

तुमच्या कंपनीनं प्रशिक्षणावर खर्च केलाय म्हणून हेही सांगते. सुप्त कल बदलण्याचे नऊ उपाय केल्विन लाई आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हजारो विद्यार्थ्यांवर तपासले. लगेच केलेल्या मोजणीत कल उतरला, काही तासांत ते काही दिवसांत परत जागेवर आला. पॅट्रिक फॉर्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४९२ अभ्यास एकत्र केले. चाचणीतला आकडा हलवता येतो, पण तो हलला म्हणून वागणं बदलतं असं दिसलं नाही. स्टारबक्सनं २९ मे २०१८ रोजी अमेरिकेतली सुमारे आठ हजार दुकानं दुपारभर बंद ठेवून सगळ्यांना असं प्रशिक्षण दिलं. असल्या एका दुपारीकडून मला फार अपेक्षा नसते, आणि हे मी स्वतः त्यावर पोट भरत असताना म्हणतेय.

माणसं बदलतात ती वेगळ्या वाटेनं, आणि कधी कधी अर्धवटच. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात लोरी बीमन, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली, अभ्यास २००९ चा. तेच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. बाई प्रमुख कधीच न पाहिलेल्या गावांत पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. बाईचा कारभार पाहिलेल्या गावांत ती तफावत मिटली. तरी 'प्रमुख पुरुषच बरा' ही आवड मात्र तशीच होती. बाई आवडायला लागली नाही, पण तिला जमतं हे पटलं. पुढच्या निवडणुकांत बिनराखीव जागांवर स्त्रिया जास्त निवडून आल्या, त्याला एवढं पुरलं. सरपंचपदांच्या आरक्षणावर महाराष्ट्रात पारावर होणारी चर्चा ऐकताना मला हा अभ्यास हमखास आठवतो. मॅट लो यानं उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण घेतले, त्यांतल्या काहींचे क्रिकेटचे सामने भरवले आणि बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. एकाच संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली, विरुद्ध संघांत आलेल्यांत उलट परिणाम झाला. नुसतं जवळ आणून भागत नाही, एका बाजूनं खेळावं लागतं.

तर तुमच्या हातात काय आहे? निकालाचा कागद फाडा, जपून ठेवण्यासारखा तो नाही. मुलाखतीचे प्रश्न आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं विचारा. 'पॉलिश', 'कल्चर फिट', 'ओव्हरऑल इम्प्रेशन' हे रकाने काढा, किंवा पाचपैकी तीन गुण कशाला ते आधी लिहून काढा. प्रत्येकानं गुण एकट्यानं लिहायचे, बोलायचं त्यानंतर. साहेब आधी बोलले की बाकीच्यांची लेखणी त्यांच्या मागे जाते. अर्ज चाळताना नाव, गाव आणि फोटो झाकता आले तर झाका. सकाळचे पहिले दोन उमेदवार संध्याकाळी पुन्हा तपासा, गठ्ठ्याच्या सुरुवातीचं ते दुखणं आठवून. आणि वर्षाअखेरी मोजा: किती आले, किती घेतले, कोण मधेच गळले. मोजायला सगळ्यांत जास्त विरोध होतो, विशेषतः 'आमच्याकडे जात बघतच नाहीत' असं म्हणणाऱ्यांकडून.

मुलीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रश्नात ती आहेच. तिच्यासाठी भांडता ते कराच. पण घरात एक आठवडा नुसतं ऐका: 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' कोण म्हणतं, फोटोतला उजेड कोण वाढवतं, 'पण' कुठे येतो. बऱ्याच बापांनी मला नंतर सांगितलंय की त्यातली दोन-तीन वाक्यं त्यांचीच निघाली.

पुढच्या फेरीचे गुणांचे कागद झाले की नावाचा रकाना झाकून मला दाखवा. आपण मधल्या उमेदवारांपासून सुरुवात करू.